जुन्या गाडीला ऊन लागतं तेव्हा : इंजिनाला थंड हवा देण्याचे घरगुती उपाय

हे आपल्या एपिसोडचं लिहून काढलेलं रूप आहे. ज्यांना ऐकायचा कंटाळा आलाय, किंवा ज्यांच्या गावात नेट अडकत अडकत चालतं, त्यांच्यासाठी. बोलताना झालेले "म्हणजे म्हणजे" आणि मधे आलेला कूलरचा आवाज काढून टाकलाय. बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आज विषय आहे जुन्या गाड्यांचा. ज्यांच्या घरी १५-२० वर्षं जुनी पिकअप, जीप किंवा कार आहे, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. कारण आज मी जे सांगणार आहे त्यातलं अर्धं मी चुकीचं करून शिकलोय.

तर झालं असं. मे महिन्यात मी वाशीमला घरी होतो. बाबांची जुनी डिझेल पिकअप आहे. २५०० सीसीचं इंजिन, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही, नंबर प्लेटवर आपलं एमएच ३७. त्याच गाडीवर घर चाललंय, माझं बी.टेक. झालंय. अकोल्याला माल टाकायचा आणि येताना जे भाडं मिळेल ते घेऊन यायचं. आता अकोला खाली आहे आणि वाशीम वर पठारावर. मधे पातूरचा घाट. भरलेली गाडी, दुपारचे २, आणि पुढे एखादा ट्रक रांगत असला की आमची गाडी पार हतबल. तिसरा सोडून दुसऱ्या गिअरवर, मागे काळा धूर.

बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात हिले घाटात दम लागते, बाबू. हिवाळ्यात अशी नाई करत."

मी आधी हसलो. मग वाटलं, अरे, हा माणूस बरोबर बोलतोय. हीच गाडी, हाच घाट, तेवढाच माल. बदललीय ती फक्त हवा.

इंजिन डिझेल पितं, पण खातं हवा

आपण गाडीच्या खाण्याचा विचार केला की डिझेल-पेट्रोलच डोळ्यासमोर येतं. पण हिशोब बघा. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. १ लिटर डिझेलचं वजन साधारण ८४० ग्रॅम. म्हणजे १ लिटर डिझेलमागे किमान १२ किलो हवा. ४५ अंशांच्या उन्हात ही १२ किलो हवा जवळपास ११,००० लिटर जागा व्यापते. घरावरच्या १,००० लिटरच्या ११ टाक्या हवा, १ लिटर डिझेलसाठी!

आता गंमत अशी की इंजिन हवा किलोत मोजून घेत नाही, लिटरमध्ये घेतं. पिस्टन खाली गेला की सिलिंडरची जागा ठरलेली. त्यात थंड हवा आली तर वजनाने जास्त मावते, गरम आली तर कमी. समुद्रसपाटीच्या दाबाला १ घनमीटर हवेचं वजन २५ अंशांना १.१८ किलो असतं, ४५ अंशांना १.११ आणि ६५ अंशांना १.०४. उन्हाळ्याच्या तापमानाला सोपा आडाखा असा : हवा साधारण ३ अंशांनी तापली की वजन १ टक्क्याने घटतं.

१ टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण बाहेर ४२ आणि इंजिनात जाणारी हवा ६२ असेल, तर ६ टक्के हवा आपण घाटाच्या पायथ्याशीच सोडून आलो.

जुन्या डिझेलमध्ये याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. तिथे डिझेल सोडणारा पंप मेकॅनिकल असतो. हवा गरम आहे, कमी आली आहे, हे त्याला कळत नाही. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की तो आपलं ठरलेलं डिझेल सोडतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, मग जे धड जळत नाही ते काजळी होऊन मागून बाहेर पडतं. घाटातला तो काळा धूर म्हणजे तुमच्या पैशाचं डिझेल, काम न करता निघून गेलेलं.

पेट्रोलमध्ये अजून एक भानगड. गरम हवा आत गेली की मिश्रण वेळेआधीच भडकायला लागतं. चढावर "टक टक टक" असा आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. नव्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हे ओळखून ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद कमी करतो. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत कोणी ओळखत नाही, पिस्टन मार खात राहतो.

मग थंड हवाच चांगली, तर कंपनीने दिली का नाही?

दिली होती. बहुतेक गाड्यांमध्ये एअर फिल्टरच्या डब्याला एक पाईप असतो, तो पुढे जाळीच्या मागे किंवा हेडलाइटच्या शेजारी उघडतो. बाहेरची ताजी हवा तिथून येते. पण गाडी १५ वर्षांची झाली की तो रबरी पाईप तडकतो, त्याची क्लिप तुटते. मग एखाद्या दिवशी कोणीतरी म्हणतं, "याचं काही काम नाही," आणि काढून ठेवतं. आमच्या गाडीत हेच झालं होतं. फिल्टरच्या डब्याचं तोंड थेट बोनेटखाली उघडं. एका बाजूला रेडिएटरमधून आलेली गरम हवा, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. बऱ्याच जुन्या इंजिनांत हवा आत जायचा आणि धूर बाहेर पडायचा रस्ता एकाच बाजूला असतो, म्हणजे चुलीला चिकटून फ्रीज ठेवल्यासारखं.

एक गोष्ट लक्षात घ्या. हा त्रास वेगावर अवलंबून आहे. समृद्धीवर गाडी एका लयीत पळत असते तेव्हा बोनेटखालून सतत वारा वाहतो, गरम हवा साचत नाही. खरी वाट लागते ती घाटात, गर्दीत, रेल्वे फाटकावर. म्हणजे इंजिनाला ताकद हवी असते नेमकी तेव्हाच हवा सगळ्यात गरम.

आधी मोजा

मी सॉफ्टवेअरवाला. प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं की आधी लॉग बघायचे, मग कोडला हात लावायचा, ही सवय. गाडीतही तेच करायचं ठरवलं.

भारतात २०१३ च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांमध्ये ओबीडी-२ बंधनकारक झालं. तुमची गाडी त्यानंतरची असेल तर काम सोपं. ब्लूटूथचा छोटा ओबीडी रीडर लावा, फोनवर ॲप टाका, आणि "इनटेक एअर टेंपरेचर" नावाचा आकडा बघा.

आमच्या गाडीत तो प्रकारच नाही. म्हणून मी डीएस१८बी२० नावाचे ३ सेन्सर घेतले, स्टीलच्या टोपणात येतात ते. हा सेन्सर १२५ अंशांपर्यंत चालतो, आणि ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाच्या फरकाने बरोबर आकडा देतो. सोबत एक ईएसपी३२ बोर्ड, जो वायफायवरून आकडे फोनला पाठवतो. एक सेन्सर पुढच्या बंपरमागे सावलीत, एक बोनेटखाली मोकळ्यावर, आणि एक फिल्टरच्या डब्याच्या तोंडात. एवढी खटपट नको असेल तर वायरवाला डिजिटल थर्मामीटर मिळतो, माशांच्या टाकीत वापरतात तो. त्यानेही भागतं.

इथे एक सूचना, आणि ती गंमत म्हणून सांगत नाहीये. सेन्सर कायम फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे जिथे हवा अजून गाळली गेलेली नाही त्या बाजूला बसवा. फिल्टरच्या पलीकडे बसवला आणि निसटला, तर तो थेट सिलिंडरमध्ये जाईल. मग इंजिनच उतरवायचं.

घाटातला आकडा असा आला : बाहेर ४२, फिल्टरच्या तोंडाशी ६१. सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने तोच ५० वर आला. म्हणजे बाबांचं म्हणणं आता ग्राफमध्ये दिसत होतं.

मी केलेला गाढवपणा

आता इथे शहाण्या माणसाने तो हरवलेला पाईप शोधला असता. मी व्हिडिओ बघितले. सगळीकडे एकच : डबा काढा, उघडा कोन फिल्टर लावा, "कोल्ड एअर इनटेक". मी ऑनलाइन मागवला. लाल रंगाचा, दिसायला एकदम भारी. लावला. आवाज बदलला, घोंघों करायला लागली गाडी. मला वाटलं, क्या बात है, ताकद वाढली.

मग लॉग उघडला. घाटात ६६.

म्हणजे आधीपेक्षा ५ अंश जास्त! आणि का नाही होणार? आधी निदान डब्याच्या भिंती मधे होत्या. आता फिल्टर चारही बाजूंनी बोनेटखालचीच गरम हवा ओढत होता. नाव "कोल्ड एअर", आणि खातोय भट्टीतली. आवाज वाढला कारण आवाज दाबणारा डबा काढला होता. कानाला वाटलेली ताकद आणि चाकाला मिळालेली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तरी म्हटलं, राहू दे, दिसतो छान. ३ आठवडे गाडी तशीच चालली. आपल्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. शेताची वाट, मुरूम, पुढच्या ट्रॅक्टरने उडवलेला फुफाटा. मग ऑइल बदलायला आमच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडलं, काही बोलले नाहीत. फिल्टर काढला, मागच्या पाईपमध्ये बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर तांबूस बारीक धूळ.

"भाऊ, इंजनाले माती चारून राह्यले तुम्ही."

बाबा शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. कारण ही धूळ म्हणजे वाळूचा पॉलिश पेपर असतो. ऑइलमध्ये मिसळते, रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासत राहते. मग कॉम्प्रेशन जातं, गाडी ऑइल खायला लागते, आणि एक दिवस मिस्त्री सांगतो, "बोअर करावं लागेल." आमच्यासारख्या घरात त्याचा अर्थ गाडी कित्येक दिवस उभी आणि पूर्ण हंगामाची कमाई त्यात.

आमचं वेळेत लक्षात आलं. कोन फिल्टर त्याच दिवशी निघाला. पण आजच्या एपिसोडमधून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : गरम हवेने गाडी दमते, धुळीने मरते. थंड हवेसाठी काहीही करा, पण गाळणं कमकुवत करू नका. जुन्या जीपमध्ये आणि ट्रॅक्टरमध्ये ऑइल बाथ फिल्टर असायचा, त्यात हवा ऑइलवरून वळून जायची आणि धूळ तिथे चिकटायची. बनवणाऱ्यांना आपली धूळ माहीत होती.

तुमच्या फिल्टरची परीक्षा घरच्या घरी होते. फिल्टरच्या पलीकडच्या पाईपमध्ये आतून ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. आठवड्याने उघडून बघा. ग्रीस स्वच्छ असेल तर ठीक, मातकट दिसलं तर कुठूनतरी गळतंय. बघून झालं की ते ग्रीस पुसून काढा.

मग चाललं काय?

३ गोष्टी. तिन्ही स्वस्त, तिन्ही कंटाळवाण्या, आणि तिन्ही चालल्या.

पहिली : हरवलेला पाईप परत लावणं. मूळ डबा परत आला, नवीन पेपर फिल्टरसह. पाईप आम्हाला भंगारात त्याच मॉडेलच्या गाडीचा मिळाला. तो मिळाला नसता तर शेतातल्या मोटारीचा सक्शन पाईप वापरायचा विचार होता, तो हिरवा कडीवाला. त्याची कल्पना बरोबर आहे, कारण आतल्या कड्यांमुळे हवा ओढली तरी तो चिपकत नाही. पण तो पीव्हीसी असतो, उष्णतेने मऊ पडतो. एक्झॉस्टजवळ त्याचं काम नाही. तिथे रबरीच हवा.

पाईप लावताना ३ नियम. त्याचा व्यास डब्याच्या तोंडापेक्षा लहान नको, नाहीतर इंजिनाचा श्वास कोंडतो. वळणं कमी ठेवा. आणि तोंड वर ठेवा, जाळीमागे किंवा हेडलाइटच्या उंचीला. बंपरखाली थंड वारा मस्त लागतो म्हणून तिथे तोंड काढलं की पावसाळ्यात मेलात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसा नको, आपल्या नाल्यावरचं गुडघाभर पाणीही पुरे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं आणि पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. असं पाणी शिरून गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारू नका, तिथेच नुकसान होतं.

दुसरी : मधे पत्रा. एक्झॉस्ट आणि फिल्टरचा डबा यांच्यामध्ये आडोसा. आम्ही तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा कापला. हसू नका! त्याचा चकचकीत पत्रा उष्णता परत फेकतो. ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर अजून बरं. पत्रा डब्याला चिकटवायचा नाही, मधे बोटभर जागा सोडायची. त्या फटीतली हलती हवाच खरं काम करते. पत्रा आधीपासून असलेल्या बोल्टांवर पक्का बसवा आणि कडांना चिरलेला रबरी पाईप घाला, नाहीतर गाडीच्या थरथरीने तो वायरी कापतो.

हे करताना बोनेटखाली थर्माकोल, स्पंज, रेक्झिन, पोतं यातलं काहीही लावायचं नाही. आग लागते. एक्झॉस्टला कापडी पट्टा गुंडाळतात, त्यानेही जपून. जुनी इंजिनं ऑइल गळतात, ते ऑइल पट्ट्यात मुरलं की पलिता तयार.

तिसरी : साफसफाई. रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचा भुसा, कापसाची बोंड, मेलेली पाखरं. दोन वर्षांचा ऐवज निघाला. रेडिएटर तुंबला की सगळं बोनेटच तापतं. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला, हळू दाबाने मारायचं. जोरात मारलं तर पाकळ्या वाकतात.

एवढं झाल्यावर परत तोच घाट, तशीच दुपार. बाहेर ४२, फिल्टरच्या तोंडाशी ४७. म्हणजे ६१ वरून ४७. हिशोब केला तर साधारण ४.४ टक्के जास्त हवा.

"टर्बो असेल तर?"

तुमच्या गाडीत टर्बो असेल तर गोष्ट थोडी बदलते. सायकलला हवा भरताना पंप खालून गरम होतो, तसंच टर्बोही हवा दाबतो आणि ती तापते. ४५ अंशांची हवा १.८ पट दाबली तर ती सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. म्हणून पुढे इंटरकूलर असतो, हवेचा रेडिएटर. या गाड्यांमध्ये बाकी काही करण्याआधी इंटरकूलर बाहेरून साफ करा आणि त्याच्या पाईपांचे जोड बघा. जोडावर ऑइलची ओल आणि चढावर "फुस्स" आवाज असेल तर दाबलेली हवा गळतेय. २०० रुपयांची क्लिप बदलून जेवढं मिळेल तेवढं कुठल्याही "परफॉर्मन्स किट"ने मिळणार नाही.

पाणी मारलं तर?

हा आपला विदर्भातला प्रश्न, कारण आपण कूलरची माणसं. उन्हाळ्यात हवा कोरडी, पाणी पटकन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. ट्रकच्या पुढे लटकवलेली कॅनव्हासची छागल आठवते? त्यातलं पाणी याच कारणाने गार. मग फिल्टरसमोर कूलरची ओली जाळी लावली तर?

मी कागदावर मांडलं. २५०० सीसीचं इंजिन २५०० आरपीएमला मिनिटाला साधारण २,६०० लिटर हवा ओढतं. ती १२ अंशांनी थंड करायला तासाला जेमतेम १ लिटर पाणी उडावं लागतं. म्हणजे कल्पना येडपट नाही. वायूवर चालणाऱ्या मोठ्या टर्बाईनमध्येही आत जाणारी हवा अशी ओल्या जाळीतून किंवा पाण्याच्या धुक्यातून थंड करतात. फक्त पाण्याची वाफ हवेतली थोडी जागा खाते, त्यामुळे फायदा पावणेचार टक्क्यांऐवजी ३ च्या आसपास.

पण गाडीत अडचण वेगळी आहे. जाळीतून एक शिंतोडा जरी पेपर फिल्टरवर गेला तर कागद फुगतो, आणि त्यावरच्या धुळीचा चिखल होतो. हवा थंड झाली आणि नाक बंद झालं, काय उपयोग? म्हणून फिल्टरच्या वाटेत पाणी नाही. इंटरकूलरच्या बाहेरून फवारा मारायला हरकत नाही, तिथलं पाणी आत जात नाही. सुबारू इम्प्रेझाच्या काही मॉडेलमध्ये कंपनीनेच तसा फवारा दिला होता. पण त्यासाठी पाण्याची टाकी सांभाळणं, फवाऱ्याची तोंडं तुंबणं, एवढ्या उपद्व्यापापेक्षा स्वच्छ इंटरकूलर बरा.

तो छोटा डबा, जो "पॉवर वाढवतो"

हा भाग ईसीयूवाल्या गाड्यांसाठी, आणि खास तुमच्यासाठी, कारण याच्या जाहिराती फोनवरच येतात. हवेच्या सेन्सरच्या वायरला जोडायची एक "चिप" विकतात. उघडून बघितली तर अनेकदा आत फक्त एक रेझिस्टर असतो. हवेचा सेन्सर थंडीत जास्त आणि गरमीत कमी रेझिस्टन्स दाखवतो. हा रेझिस्टर ईसीयूला कायम सांगतो, "हवा थंड आहे." बाहेर ४४ असेल तरी.

मग ईसीयू थंड हवेच्या हिशोबाने पेट्रोल वाढवतो, ठिणगीची वेळ पुढे नेतो. प्रत्यक्षात हवा गरम, म्हणजे नॉकिंगचा धोका आणि मायलेजची वाट. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हा सर्व्हर थंड करायचा उपाय नाही, डॅशबोर्डवरचा आकडा खोडून हिरवा करायचा आहे. गाडीला खोटं सांगून हवा थंड होत नाही.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. म्हणून मला सोपी रेघ बरी वाटते : कंपनीने दिलेलं आणि तुटलेलं परत जागेवर आणणं ही दुरुस्ती. बोनेट कापणं, त्यावर भोकं पाडणं, टर्बो बसवणं हा बदल. त्याआधी आरटीओत विचारा.

बाईकवाल्यांनो

तुम्ही विचारणारच. १०० सीसीच्या बाईकचा एअर बॉक्स सीटखाली असतो, इंजिनाच्या गरमीपासून दूर. तिथे फार काही मिळवायला नाही. डब्याला भोकं पाडली की आवाज वाढतो आणि धूळ आत जाते. कार्ब्युरेटरवाल्या बाईकमध्ये पेट्रोलचं प्रमाणही बिघडतं. फिल्टर वेळेवर बदला, बस.

अजून एक. हिवाळ्यात खूप थंड हवा जुन्या कार्ब्युरेटरला मानवत नाही, पेट्रोल नीट वाफ होत नाही. म्हणूनच काही जुन्या गाड्यांमध्ये थंडीत मुद्दाम एक्झॉस्टजवळची कोमट हवा घ्यायची सोय असायची. तुमच्या फिल्टरच्या डब्यावर तशी झडप दिसली तर तोडून टाकू नका. ती उन्हाळ्यात अडकून राहिलेली नाही ना, एवढं बघा.

शेवटी मिळालं काय?

मला बाबांना ४.४ टक्क्यांचा ग्राफ दाखवायचा होता. फोन पुढे केला. त्यांनी बघितलाही. मग म्हणाले, "ग्राफ राहू दे, घाटात चाल."

घाटात गेलो. गाडी रॉकेट झाली नाही. जिथे आधी लगेच दुसरा टाकावा लागायचा तिथे तिसरा गिअर थोडा जास्त टिकला. आरशात धूर फिका दिसला. वरच्या वळणावरचा दुसरा गिअर मात्र अजूनही दुसराच आहे. माल तेवढाच, इंजिन तेच, वय तेच. ४ टक्क्यांत जेवढं होतं तेवढंच झालं.

बाबांनी आता एक वेगळाच उपाय केलाय. मे महिन्यात ते पहाटे ४ ला निघतात आणि ऊन चढायच्या आत परत घाट चढतात. मी लॉग बघितला : सकाळी ८ ला बाहेर ३०, फिल्टरच्या तोंडाशी ३४. माझ्या पाईप-पत्र्याने १४ अंश कमी झाले होते, त्यांनी घड्याळ बदलून अजून १३ कमी केले. फुकटात.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या जुन्या गाडीचं बोनेट उघडा, इंजिन थंड असताना, आणि फिल्टरच्या डब्याचं तोंड कुठे उघडतंय ते बघा. पाईप आहे का? तडकलाय का? फोटो काढून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. आणि लाल कोन फिल्टर मागवायच्या आधी मला एक मेसेज करा. माझ्याकडे एक पडलाय, वापरायला देणार नाही, पण बघायला देईन.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. उन्हात जपून, पाणी पीत राहा.